बिनतारी जोडणी का तुटते?
(एक निदान-पाठ)

विद्यार्थिमित्रहो, रोग्याची नाडी न पाहताच औषध देणाऱ्या माणसास आपण वैद्य म्हणत नाही. परंतु घरातील यंत्र बिघडले की आपणांपैकी बहुतेक जण नेमके तसेच वैद्य बनतो. लॅपटॉपवरील इंटरनेट मधूनच बंद पडू लागले म्हणजे कोणी राउटरची वायर उपटतो, कोणी लॅपटॉप बंद करून पुन्हा सुरू करतो, कोणी परवलीचा शब्द बदलतो, तर कोणी हे सर्व एकाच वेळी करतो. सुदैवाने जोडणी सुरू झालीच, तर चारांपैकी कोणत्या उपायाने गुण आला हे कोणासच सांगता येत नाही; आणि दुसऱ्या दिवशी रोग पुन्हा दारात हजर होतो.

प्रस्तुत पाठाचा विषय वरवर पाहता क्षुल्लक आहे. परंतु या क्षुल्लक विषयात आम्हां स्वतःच्या हातून एका विद्यार्थिनीवर अन्याय घडला होता. तो कसा घडला आणि कसा दूर झाला, हे सांगितल्यावाचून हा पाठ पुरा होणार नाही. सबब तेथूनच आरंभ करतो.

१. पाऊस आणि पळपुटी विद्यार्थिनी

सन २०२० च्या जून महिन्यापासून महासाथीमुळे शाळेचे दरवाजे बंद व वर्ग घरोघरी, अशी स्थिती होती, हे आपणांस ठाऊकच आहे. इयत्ता आठवीतील एक मुलगी आमच्या गणिताच्या तासास नियमाने हजर होई. परंतु सप्टेंबर उजाडल्यापासून तिचे नाव पडद्यावरून मधूनच नाहीसे होऊ लागले. अर्ध्या तासाने ती परत येई, तोवर समीकरण सुटलेले असे. विचारले तर एकच उत्तर, "सर, पाऊस आला की नेट जातं."

त्याच घरातील आजीचा मोबाइल फोन मात्र त्याच राउटरवर, त्याच वेळी, बिनदिक्कत चालत असे. ही गोष्ट मुलीच्या चुलत भावाकडून आम्हांस कळली आणि आम्ही फारसा विचार न करता निष्कर्ष काढून मोकळे झालो. प्रगतिपत्रकात आम्ही लिहिले, "लक्ष नाही. सबबी सांगते." शिक्षकाच्या हातचे चार शब्द घरात किती जड होतात, याची कल्पना त्या वेळी आम्हांस आली नाही. मुलीच्या वडिलांनी शिक्षकाचेही मन राखावे व मुलीचेही, म्हणून जुना लॅपटॉप टाकून नवा घेण्याचे ठरवले. ते मासेमारीच्या नौकेवर तांडेल. टाळेबंदीत धंदा बसलेला. नव्या लॅपटॉपसाठी मुलीच्या आईच्या दोन बांगड्या गहाण पडावयाच्या होत्या. ही वार्ता कानी आली तेव्हा आम्हांस प्रथमच वाटले, की आपण नाडी न पाहताच औषध दिले आहे. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात तोंडास मुखपट्टी बांधून आम्ही त्यांचे घर गाठले.

तेथे काय आढळले ते पुढे सांगू. तत्पूर्वी बिनतारी जोडणी म्हणजे काय, हे थोडक्यात समजून घेणे अवश्य आहे.

२. न दिसणारा प्रकाश

राउटर व लॅपटॉप यांच्यामध्ये जो व्यवहार चालतो तो विद्युच्चुंबकीय लहरींचा. या लहरींचे गणित मॅक्सवेल यांनी १८६५ साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात मांडले, आणि त्या प्रयोगशाळेत प्रत्यक्ष निर्माण करून दाखविण्याचे श्रेय हर्ट्झ यांस आहे. त्यांचे प्रयोग १८८७ व १८८८ या वर्षांतील. आपल्या देशात जगदीशचंद्र बोस यांनी १८९५ साली कलकत्त्यास अशाच लहरी भिंतींपलीकडे पाठवून घंटा वाजवून दाखविली व दारू उडवून दाखविली. भिंतीपलीकडच्या लॅपटॉपवर आपण वर्ग ऐकतो, तेव्हा त्या घंटेचेच दूरचे पणतू आपल्याशी बोलत असतात.

दिव्याचा प्रकाश आणि राउटरच्या लहरी ही एकाच कुळातील भावंडे होत. भेद काय तो लांबीचा. आपल्याकडील वायफाय मुख्यतः दोन पट्ट्यांवर चालते. पहिल्या पट्ट्यात लहरीची सेकंदाला सुमारे २४० कोटी आंदोलने होतात व तिची लांबी सुमारे साडेबारा सेंटिमीटर असते. दुसऱ्या पट्ट्यात आंदोलने ५०० कोटींहून अधिक व लांबी सहा सेंटिमीटरांहून किंचित कमी असते. राउटरवर या पट्ट्यांची नावे २.४ व ५ गिगाहर्ट्झ अशी लिहिलेली आढळतात. वायफायचे पहिले प्रमाणक १९९७ साली निश्चित झाले. भारतात यांपैकी पहिल्या पट्ट्यावर अल्पशक्तीची यंत्रे परवान्यावाचून वापरण्याची मुभा २००५ साली मिळाली.

शक्ती किती अल्प? घरगुती राउटरची प्रक्षेपणशक्ती साधारणतः वॅटच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास असते. आपल्या देवडीवरचा झिरोचा दिवासुद्धा त्याहून कितीतरी अधिक वीज खातो. इतक्या मंद 'दिव्या'चा उजेड तीन खोल्या ओलांडून यावा, अशी आपली अपेक्षा असते! रत्नदुर्गाच्या टोकावरील दीपगृह आठवा. खुल्या समुद्रावर त्याचा झोत कोसच्या कोस दिसतो. परंतु डोंगराच्या आड उभे राहिल्यास जवळ असूनही दिसत नाही. अंतरापेक्षा आडोसा अधिक बाधतो, हे या विषयातील पहिले सूत्र होय.

दुसरे सूत्र मिरकरवाड्याच्या बंदरात शिकता येते. समुद्राच्या लांब लाटा धक्क्याच्या टोकाशी वळून थोड्याफार आत शिरतात. बारीक लहरी मात्र धक्क्याच्या आड जवळजवळ येतच नाहीत. वायफायचेही तसेच. साडेबारा सेंटिमीटरांची लहर आडोशामागे अधिक पोहोचते, भिंतीतून अधिक निभावते. सहा सेंटिमीटरांची लहर वेगवान, पण भिंतीपाशी लवकर थकते. म्हणून राउटरच्या खोलीत दुसरा पट्टा उत्तम, व दूरच्या खोलीत पहिला बरा.

३. जांभ्याची भिंत

आता आपल्या रत्नागिरीच्या घरांकडे वळू. आपली जुनी घरे जांभ्या चिऱ्यांची. जांभ्यात लोह व ॲल्युमिनियम यांची ऑक्साइडे विपुल असतात. त्यास तो तांबूस रंग लोहामुळेच येतो. शिवाय तो सच्छिद्र असल्यामुळे पाणी धरतो. चिऱ्याची जाड भिंत उन्हाळ्यात घर थंड ठेवते हा तिचा गुण. परंतु हीच जाडी लहरींच्या वाटेत मोठा अडसर होऊन बसते. पाणी वायफायच्या लहरी शोषते, म्हणून ओल धरलेली भिंत कोरड्या भिंतीपेक्षा अधिक लहरी गिळते. भिंतीहूनही वाईट आडोसा धातूचा. पोलादी कपाट, पत्र्याचे छप्पर, फ्रीज, पाण्याने भरलेली टाकी व भिंतीवरील मोठा आरसा ही लहरींस परतवितात किंवा शोषून घेतात.

आम्ही ज्या घरी गेलो त्या घरातील मांडणी अशी होती: राउटर पडवीत, मीटरशेजारच्या फळीवर, दूरचित्रवाणी संचाच्या मागे. आजी फोन घेऊन बसत त्या पडवीतच. मुलगी मात्र शांतता मिळावी म्हणून माजघराच्या पलीकडील खोलीत बसे. मध्ये जांभ्याच्या दोन भिंती, आणि त्यांपैकी एकीस टेकून पोलादी कपाट. आजीचा फोन चालतो, सबब मुलीचा लॅपटॉपही चाललाच पाहिजे, हा आमचा तर्क दाराच्या आत पाऊल टाकताच कोसळला. दिव्याखाली बसलेल्यास वाचता येते, म्हणून माजघरातल्यासही वाचता आले पाहिजे, असे म्हणण्यासारखेच ते होते.

परंतु एवढ्याने कोडे सुटले नाही. भिंती व कपाट तर जून महिन्यातही होते. मग जून, जुलै व ऑगस्ट हे धो-धो पावसाचे महिने बरे गेले आणि सप्टेंबरपासूनच जोडणी का तुटू लागली?

४. पाऊस दोषी की निर्दोष?

घरातील सर्वांचे मत एक होते, की पावसाने नेट जाते. या मतास आधारही होता. छपरावरच्या तबकडीने चालणारी दूरचित्रवाणी मुसळधार पावसात बंद पडते, हे प्रत्येकाने पाहिलेले आहे. मग वायफाय का पडू नये?

येथे सादृश्याने फसगत होते. उपग्रहाकडून तबकडीस येणाऱ्या लहरींची आंदोलने सेकंदाला सुमारे १२०० कोटींच्या घरात, म्हणजे लांबी अवघी अडीच सेंटिमीटर. शिवाय त्या हजारो कोसांवरून अत्यंत क्षीण होऊन येतात व पावसाच्या कित्येक किलोमीटर जाडीच्या पडद्यातून त्यांस वाट काढावी लागते. लहर जितकी आखूड तितके पावसाचे थेंब तिला अधिक शोषतात व विखुरतात. घरातल्या घरात पाच-दहा मीटर जाणाऱ्या साडेबारा सेंटिमीटरांच्या लहरीवर बाहेरच्या पावसाचा प्रत्यक्ष परिणाम जवळजवळ शून्य. ओल्या भिंतीमुळे होणारा अप्रत्यक्ष परिणाम असतो खरा. पण तो हळूहळू वाढतो व हळूहळू ओसरतो. सर येताच तुटणे आणि सर जाताच जुळणे, हे ओल्या भिंतीचे लक्षण नव्हे.

आम्ही हे समजावून सांगत असता मुलगी आत गेली व आपली गणिताची वही घेऊन आली. वहीच्या मागच्या पानांवर तिने सप्टेंबरपासूनची टिपणे ठेवली होती: तारीख, जोडणी तुटल्याची वेळ, परत आल्याची वेळ, आणि पुढे बारीक अक्षरात "पाऊस", "गडगडाट", "दोन्ही". आम्ही ती पाने उभ्याउभ्याच वाचली आणि आम्हांस आमच्या प्रगतिपत्रकातील अक्षरे आठवली. जिला आम्ही लक्ष नसलेली म्हटले होते, तिने आमच्यापेक्षा अधिक लक्ष दिले होते.

त्या टिपणांत दोन नोंदी विशेष होत्या. एका दिवशी तासभर संततधार पडली, परंतु गडगडाट नव्हता. त्या दिवशी जोडणी तुटली नाही. दुसऱ्या एका दिवशी केवळ आभाळ गडगडले, थेंबही पडला नाही. त्या दिवशी जोडणी तुटली. विद्यार्थ्यांनो, या दोन ओळींचे मोल नीट ध्यानी घ्या. जेथे कारण असूनही कार्य घडत नाही, आणि कारण नसतानाही कार्य घडते, तेथे ते खरे कारण नव्हेच. पाऊस निर्दोष ठरला. संशय गडगडाटावर आला. जून ते ऑगस्टचा नैर्ऋत्येचा पाऊस बहुधा मुक्याने कोसळतो, आणि उत्तरा-हस्ताचा परतीचा पाऊस ढोल बडवीत येतो. सप्टेंबरपासूनच रोग का सुरू झाला, याचा उलगडा येथे झाला.

परंतु गडगडाट हा तर ध्वनी. ध्वनीने लहरी तुटत नाहीत. विजेच्या लखलखाटाने रेडिओवर क्षणभर खरखर होते. अर्धा तास जोडणी जात नाही. तेव्हा आम्ही आजींस विचारले, "आजी, आभाळ गडगडू लागलं म्हणजे तुम्ही घरात काय करता?"

"काय करणार गुरुजी? सगळ्या पिना काढून टाकते. टीव्हीची, फ्रीजची, हिच्या त्या पेटीचीसुद्धा. वीज कुठून घरात शिरेल त्याचा नेम आहे का?"

राउटरची पीनही आजी काढीत. परंतु तो एका छोट्या बॅटरीच्या डबीवर जोडलेला असल्यामुळे पेटलेलाच राही. बाहेरून येणारी जोडणी काचेच्या तंतूची होती, तीही शाबूत राही. बदल घडे तो एकच: लॅपटॉप विजेवरून उतरून स्वतःच्या बॅटरीवर येई.

५. चार प्रयोग

येथवर तर्क झाला. तर्क प्रयोगाने पारखल्याशिवाय सत्य म्हणून स्वीकारू नये. आम्ही व मुलीने मिळून पुढील प्रयोग केले.

लॅपटॉपवर विंडोज १० ही प्रणाली होती. तीत 'कमांड प्रॉम्प्ट' नावाची काळी खिडकी असते. तेथे 'आयपीकॉन्फिग' ही आज्ञा दिली म्हणजे राउटरचा पत्ता कळतो. 'डीफॉल्ट गेटवे' या नावापुढे तो असतो व बहुधा १९२.१६८.१.१ यासारखा असतो. नंतर 'पिंग' ही आज्ञा त्या पत्त्यासह द्यावी. पिंग म्हणजे हाक: लॅपटॉप राउटरला हाक मारतो, राउटर 'ओ' देतो, आणि 'ओ' येण्यास किती सहस्रांश सेकंद लागले ते पडद्यावर उमटते. 'ओ' आलीच नाही तर तेही उमटते. एका वेळी एकच गोष्ट बदलावयाची, हा नियम करून आम्ही चार वेळा हाका मारल्या.

पहिला प्रयोग: पडवीत, चार्जर लावून. प्रत्येक हाकेस तात्काळ उत्तर.

दुसरा प्रयोग: पडवीत, चार्जर काढून. उत्तरे किंचित उशिरा, परंतु सर्व आली.

तिसरा प्रयोग: आतल्या खोलीत, चार्जर लावून. एखाददुसरी हाक वाया गेली, परंतु जोडणी टिकली.

चौथा प्रयोग: आतल्या खोलीत, चार्जर काढून. उत्तरे अडखळत येऊ लागली, मग हाकांमागून हाका वाया गेल्या आणि थोड्याच वेळात जोडणी तुटली.

खोलीत शांतता पसरली. बाहेर लख्ख ऊन होते. पाऊसही नव्हता आणि गडगडाटही नव्हता.

याचे कारण असे. लॅपटॉप बॅटरीवर आला म्हणजे तो काटकसर करू लागतो, आणि त्या काटकसरीत बिनतारी कार्डही डुलक्या घेऊ लागते. राउटर सेकंदाला सुमारे दहा वेळा 'मी येथे आहे, कोणासाठी काही टपाल आहे' अशी ललकारी देतो. काटकसरी कार्ड त्या ललकाऱ्यांच्या दरम्यान झोपते व ललकारीपुरते जागे होते. ललकारी स्पष्ट ऐकू येत असेल तर यात काही बिघडत नाही. पडवीत तसेच घडले. परंतु दोन भिंतींआडून येणारी ललकारी आधीच क्षीण. तीत पहारेकरी डुलक्या घेणारा. ललकाऱ्या चुकत जातात आणि अखेर कार्ड राउटर हरवला असे समजून जोडणी सोडून देते.

म्हणजे दोष एक नव्हता, दोन होते. आणि दोहोंपैकी कोणताही एकटा असता तर निभावले असते. अशा जोडदोषांची परीक्षा कठीण, कारण एकेकाची तपासणी केली असता दोघेही साळसूद दिसतात. चार्जर लावून आतल्या खोलीत पाहणारा म्हणेल की भिंतीचा दोष नाही. पडवीत बॅटरीवर पाहणारा म्हणेल की लॅपटॉपचा दोष नाही. चारही जोड्या पाहिल्या तेव्हाच चोर सापडले.

६. उपाय आणि खर्च

उपाय तीन केले, तेही एकामागून एक, व प्रत्येकानंतर चौथा प्रयोग पुन्हा करून.

पहिला: 'कंट्रोल पॅनल'मधील 'पॉवर ऑप्शन्स', त्यातील 'ॲडव्हान्स्ड' पृष्ठ, तेथे 'वायरलेस ॲडॅप्टर सेटिंग्ज' व 'पॉवर सेव्हिंग मोड'. विजेवर असता 'मॅक्झिमम परफॉर्मन्स' आणि बॅटरीवर असता काटकसर, अशी तेथे नोंद होती. बॅटरीपुढेही 'मॅक्झिमम परफॉर्मन्स' लिहिले. कित्येक नव्या लॅपटॉपांवर हे कलम दिसत नाही. तेथे 'डिव्हाइस मॅनेजर'मध्ये बिनतारी कार्डाच्या 'पॉवर मॅनेजमेंट' पृष्ठावर, वीज वाचविण्यासाठी हे कार्ड बंद करण्याची संगणकास मुभा असावी काय, असा चौकोन असतो. त्यातील खूण काढावी. बॅटरी किंचित लवकर उतरेल, एवढीच किंमत.

दुसरा: राउटर दूरचित्रवाणीच्या मागून काढून माजघराच्या दारासमोर, माणसाच्या डोक्याहून उंच फळीवर ठेवला. दार उघडे असले म्हणजे लहरींस एक भिंत चुकते.

तिसरा: पोलादी कपाट वाटेतून हातभर सरकवले.

एकूण खर्च शून्य. आजींची पीन काढण्याची सवय आम्ही मुळीच मोडली नाही. गडगडाटात उपकरणे विजेपासून अलग करणे हे शहाणपणच आहे, आणि तारेवाटे येणारा विजेचा लोट लॅपटॉप जाळू शकतो. बांगड्या गहाण पडल्या नाहीत. नवा लॅपटॉप घेतला असता तर तोही त्याच भिंतींआड, त्याच गडगडाटात बॅटरीवर आला असता, आणि बहुधा तीच काटकसर करता!

७. साखळीची तपासणी

प्रत्येक घरातील रोग हाच असेल असे नाही. म्हणून सर्वसाधारण रीत सांगतो. लॅपटॉपपासून जगापर्यंतची वाट ही साखळी समजा व कडी-कडी तपासा.

पहिली कडी, लॅपटॉप ते राउटर. वर सांगितल्याप्रमाणे राउटरला हाक मारा. येथेच हाका वाया जात असतील तर दोष घरात आहे. कंपनीस दूरध्वनी करणे व्यर्थ.

दुसरी कडी, राउटर ते बाहेरचे जग. राउटर 'ओ' देतो, परंतु ८.८.८.८ या गूगलच्या सार्वजनिक पत्त्यास मारलेली हाक वाया जाते, तर दोष बाहेरच्या वाटेवर आहे. लॅपटॉप उघडणे व्यर्थ. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले, तेव्हा आपल्या जिल्ह्यातील दापोली व मंडणगड तालुक्यांत खांब कोसळले, तारा तुटल्या. अशा वेळी घरात बसून यंत्राशी झुंजण्यात अर्थ नसतो.

तिसरी कडी, नामकोश. अंकांच्या पत्त्यास हाक पोहोचते, परंतु संकेतस्थळाच्या नावास पोहोचत नाही, तर नावाचा पत्ता सांगणारी 'डीएनएस' ही व्यवस्था अडली आहे. दुसऱ्या नामकोशाचा पत्ता लिहिल्याने हा दोष बहुधा जातो.

पहिल्या कडीत दोष आढळल्यास पुढील गोष्टी क्रमाने पाहाव्या:

(अ) लहरींचे बळ. मोबाइलवरील तपासणीच्या ॲपमध्ये ते ऋण अंकांत, 'डीबीएम' या मापाने दिसते. उणे ५० उत्तम, उणे ६७ च्या आसपास बोलण्या-पाहण्यास पुरेसे, उणे ८० म्हणजे जवळजवळ निरुपयोगी. हा अंक दहांनी घसरला म्हणजे शक्ती दशांश झाली असे समजावे. दहा टक्के कमी झाली, असा घोटाळा करू नये.

(आ) गर्दी. पहिल्या पट्ट्यातील वाटांपैकी १, ६ व ११ या तीनच परस्परांवर न चढणाऱ्या म्हणून वापरल्या जातात. चाळीत किंवा सदनिकांत शेजाऱ्यांचे राउटर त्याच वाटेवर असतील तर ती बदलून पाहावी.

(इ) गोंगाट. मायक्रोवेव्ह भट्टी याच पहिल्या पट्ट्यात काम करते, ब्लूटूथही तेथेच. यूएसबी ३ जातीची हार्ड डिस्क व तिची वायर लॅपटॉपशेजारी असल्यास तीही याच पट्ट्यात गोंगाट करते.

(ई) पत्ता. लॅपटॉपचा पत्ता १६९.२५४ ने आरंभ होत असेल तर राउटरने त्यास पत्ताच दिलेला नाही. जोडणी विसरावयास सांगून ती नव्याने करावी. न जमल्यास राउटर बंद करून पुन्हा सुरू करावा.

(उ) चालक. बिनतारी कार्डाचा 'ड्रायव्हर' जुना किंवा नुकताच बदललेला असल्यास तो अनुक्रमे नवा करावा किंवा पूर्वीचा परत आणावा.

आणि या सर्वांच्या आधी एक वही घ्यावी. तारीख, वेळ, कोणत्या खोलीत, विजेवर की बॅटरीवर, घरात त्या क्षणी आणखी काय चालले होते. चार दिवसांची अशी टिपणे चाळीस उपायांहून अधिक उपयोगी पडतात, हे आम्ही एका आठवीच्या मुलीकडून शिकलो.

८. उपसंहार

दुसऱ्या दिवशी आम्ही ते प्रगतिपत्रक परत मागविले, जुना शेरा आडवी रेघ मारून खोडला आणि त्याखाली लिहिले, "निरीक्षण उत्तम. पूर्वीचा शेरा चुकीचा होता." शेरा पुसून टाकणे शक्य होते, परंतु चूक दिसू द्यावी, असे आम्हांस वाटले. दुसऱ्याच्या डोळ्यातील कुसळ शोधता शोधता आपल्या डोळ्यातील मुसळ राहून जाते, ही म्हण वर्गात शिकविणे सोपे. स्वतःच्या अक्षरात लिहिणे कठीण.

त्या गोष्टीस आता काही वर्षे लोटली. ती मुलगी आज महाविद्यालयात शिकत आहे. परंतु आजही एखादा विद्यार्थी 'जमले नाही' म्हणून समोर उभा राहिला म्हणजे आमची लेखणी क्षणभर थांबते. जोडणी तुटलेली दिसते, पण कोठे तुटली आहे? त्याच्याकडे, आमच्याकडे, की मधल्या एखाद्या न दिसणाऱ्या भिंतीशी? हे पाहिल्याशिवाय शेरा लिहावयाचा नाही, एवढे आम्ही त्या घरून शिकून आलो. यंत्राच्या बाबतीत हीच शिस्त तुम्ही पाळाल, तर तुमचा वेळ व वडिलांचा पैसा वाचेल; माणसांच्या बाबतीत पाळाल, तर त्याहून पुष्कळ अधिक काही वाचेल.

अभ्यासासाठी प्रश्न

१. छपरावरील तबकडी पावसात अडते, परंतु घरातील वायफाय सहसा अडत नाही. लहरींची लांबी व प्रवासाची वाट यांवरून कारणे लिहा.

२. वरील चार प्रयोगांपैकी पहिला व चौथा एवढेच केले असते, तर कोणती गोष्ट सिद्ध झाली नसती?

३. आपल्या घराचा आराखडा काढून राउटर, भिंती, कपाटे व आपली बसण्याची जागा दाखवा. लहरींची सर्वांत सोयीची वाट कोणती?

४. लहरींचे बळ उणे ५० वरून उणे ८० झाले, तर शक्तीचा कितवा हिस्सा उरला?